जुने विमान आणि त्याचे कागद : उड्डाणयोग्यतेच्या नोंदींचा इतिहास

विषयाची ओळख

विमानाचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर राइट बंधू येतात, पहिल्या महायुद्धातली लढाऊ विमाने येतात, मग जेट इंजिन आणि शेवटी आजची मोठी प्रवासी विमाने. या पाठात आपण यापैकी काहीही पाहणार नाही. आपण पाहणार आहोत विमानाच्या फाइलचा इतिहास. एखादे चाळीस-पन्नास वर्षांचे छोटे, दोन किंवा चार आसनी विमान आज कायदेशीरपणे आकाशात जायचे असेल, तर त्याच्यामागे जाडजूड कागदपत्रांचा गठ्ठा असावा लागतो. हा गठ्ठा कुठून आला, त्यातला प्रत्येक कागद कशासाठी आहे, आणि तो कधी उपयोगी पडला व कधी कमी पडला, हा आपला विषय आहे.

वर्गात हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, विमान चांगले चालते आहे हे दिसतेच, मग कागद कशाला?" प्रश्न रास्त आहे. दुचाकीच्या बाबतीत आपण असाच विचार करतो. दुचाकी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते, विमानाला ती सोय नाही, हे उत्तराचे अर्धे झाले. उरलेले अर्धे असे की विमानातले सर्वांत घातक दोष बाहेरून दिसत नाहीत. पोकळ नळीच्या आत लागलेला गंज, आट्यांच्या मुळाशी पडलेली बारीक तडा, लाकडी जोडातला सुटलेला डिंक यांतले काहीच डोळ्यांना कळत नाही. तिथे भाग केव्हा बसवला, किती तास वापरला, शेवटचा कधी आणि कोणी तपासला, एवढीच माहिती हाती असते. ही माहिती कागदावर नसेल, तर ती कुठेच नसते.

१९१९ : पॅरिसचा करार

पहिल्या महायुद्धाने दोन गोष्टी मागे ठेवल्या : हजारो विमाने आणि ती उडवू शकणारे हजारो तरुण. विमान एका तासात सरहद्द ओलांडू शकते, हे युद्धात सगळ्यांनी पाहिले होते. शांततेच्या काळात शेजारच्या देशाचे विमान आपल्या गावावरून जाणार असेल तर ते धड आहे याची हमी कोणी द्यायची, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या हवाई वाहतूक करारात मिळाले. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या प्रत्येक विमानाकडे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र असले पाहिजे, ते विमानाच्या स्वतःच्या देशाने दिलेले असले पाहिजे, आणि विमानात नोंदणी प्रमाणपत्र, चालकांचे परवाने व लॉगबुके बरोबर असली पाहिजेत, असे त्यात ठरले. ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थानही या करारात सामील होता.

ही कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. जहाजांची नोंदणी, वर्गवारी आणि रोजची नोंदवही ही पद्धत त्याआधी शतकानुशतके चालत आली होती. 'लॉगबुक' हा शब्दसुद्धा जहाजावरचाच. विमानाच्या कागदांचा मूळ साचा बंदरातून आला. जहाजाप्रमाणेच विमानालाही एक राष्ट्रीयत्व, एक नाव (म्हणजे नोंदणी क्रमांक) आणि एक चरित्र असते, ही समजूत तेव्हापासून रुजली.

१९२६ ते १९३१ : अमेरिकेतला धडा

अमेरिकेने पॅरिसचा करार कधी अमलात आणला नाही. युद्धानंतरची काही वर्षे तिथे केंद्र सरकारचा नियमच नव्हता. युद्धातली शिल्लक 'कर्टिस जेनी' विमाने स्वस्तात विकली गेली. ती घेऊन तरुण वैमानिक गावोगाव जत्रेत कसरती दाखवत आणि पैसे घेऊन लोकांना चक्कर मारून आणत. विमानाची दुरुस्ती कोणी केली, कशाने केली, याची नोंद ठेवण्याचे बंधन कोणावर नव्हते.

२० मे १९२६ रोजी तिथे हवाई व्यापार कायदा झाला. विमानांची नोंदणी, वैमानिकांचे परवाने आणि विमानाच्या रचनेला सरकारी मान्यता या तीन गोष्टी त्याने आणल्या. मार्च १९२७ मध्ये 'बूल एअरस्टर' या विमानाला पहिले मान्य 'टाइप सर्टिफिकेट', म्हणजे प्रकार प्रमाणपत्र मिळाले. इथून विमानाच्या कागदांमध्ये एक महत्त्वाचा भेद पक्का झाला, तो नीट समजून घ्या.

प्रकार प्रमाणपत्र हे रचनेला असते. या नकाशाप्रमाणे, या साहित्यातून, या इंजिनासह बांधलेले विमान सुरक्षित आहे, एवढेच ते सांगते. उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र हे एका विशिष्ट विमानाला असते : हे अमुक क्रमांकाचे विमान त्या मान्य रचनेप्रमाणेच आहे आणि आज उडण्याच्या स्थितीत आहे. पहिला कागद कारखान्याचा, दुसरा मालकाचा. नवे विमान कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा दोन्ही जुळलेले असतात. विमान जुने होते तसे त्यांच्यातले अंतर वाढत जाते. एक दुरुस्ती होते, एक आसन बदलते, एक नवा रेडिओ बसतो. हे अंतर सतत मोजत राहणे, हेच जुन्या विमानाच्या कागदपत्रांचे मुख्य काम.

या कायद्याचा पहिला फटका कोणाला बसला असेल? जेनी विमानांनाच. नव्या निकषांत ती बसणे अवघड होते, आणि १९३० च्या सुमारास ती व्यवसायातून जवळजवळ नाहीशी झाली. जुने छोटे विमान आणि नवी नियमावली यांचा हा पहिला मोठा सामना म्हणता येईल.

यानंतर लगेच एक अपघात झाला. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यात 'फोकर एफ-१०' प्रवासी विमान कोसळले आणि आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांत नूट रॉकनी हे फुटबॉलचे अतिशय लोकप्रिय प्रशिक्षक होते, त्यामुळे देशभर खळबळ माजली. विमानाचा पंख लाकडी होता. लाकडाचे भाग डिंकाने जोडून वर प्लायवूड चढवलेले होते. आत ओल गेली की जोड कमकुवत होई, पण वरचे प्लायवूड काढल्याशिवाय आत पाहता येत नसे. सरकारने या विमानांची उड्डाणे काही काळ थांबवली आणि पंखाच्या आतील तपासणीचा आग्रह धरला. ही तपासणी इतकी खर्चिक ठरली की विमान कंपन्यांचा ओढा धातूच्या विमानांकडे वळला. तपासणीच्या एका अटीने विमान बांधणीची दिशा बदलायला हातभार लावला, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

१९४४ : शिकागोचा करार

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्यावर ५२ देशांनी सह्या केल्या. आजची जगभरची पद्धत याच करारावर उभी आहे. आपल्या विषयासाठी त्यातली तीन कलमे महत्त्वाची आहेत.

कलम २९ विमानात कोणती कागदपत्रे असावीत ते सांगते : नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, कर्मचाऱ्यांचे परवाने, प्रवासाचे लॉगबुक, रेडिओ असल्यास त्याचा परवाना, आणि प्रवासी किंवा माल असल्यास त्यांच्या याद्या. कलम ३१ उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र ज्या देशात विमान नोंदले आहे त्या देशाने द्यावे असे सांगते. कलम ३३ म्हणते की एका देशाने दिलेले असे प्रमाणपत्र किमान आंतरराष्ट्रीय दर्जाचे असेल तर इतर देशांनी ते मान्य करावे. हा किमान दर्जा कराराच्या आठव्या परिशिष्टात दिलेला आहे.

म्हणजे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र हे विमानाचे जणू पारपत्रच आहे. पुढे आपण 'परमिट'वर उडणाऱ्या जुन्या विमानांकडे येऊ, तेव्हा या मुद्द्याचा संदर्भ लागेल.

भारतातील वाटचाल

आपल्याकडे हवाई कायदा आश्चर्य वाटावे इतका लवकर आला. फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल गेले, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात हवाई जहाजांविषयीचा कायदा झाला. १९२७ मध्ये नागरी विमान वाहतुकीचे स्वतंत्र खाते उभे राहिले आणि पुढच्याच वर्षापासून दिल्ली, कराची, मुंबई येथे फ्लाइंग क्लब सुरू झाले. या क्लबांची विमाने म्हणजे डी हॅविलँड कंपनीची 'मॉथ' कुळातली हलकी, कापडी आवरणाची विमाने.

नोंदणी क्रमांकाची गोष्टही इथेच सांगून ठेवतो. भारतीय विमानाच्या शेपटीवर 'व्हीटी' ही अक्षरे असतात. ही 'व्हाइसरॉयची भूमी' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात १९२७ च्या वॉशिंग्टन रेडिओ परिषदेनंतर बिनतारी संदेशांसाठी देशांना अक्षरमाला वाटून दिल्या गेल्या, आणि भारताकडे आलेल्या मालिकेची सुरुवात 'व्हीटी'ने होते. त्याआधी इथली विमाने ब्रिटिश साम्राज्याच्या 'जी' अक्षराखाली नोंदली जात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आले, त्या 'पस मॉथ' विमानाचा क्रमांक व्हीटी-एडीएन होता.

१९३४ मध्ये हिंदुस्थान विमान कायदा झाला आणि त्याखाली १९३७ मध्ये विमान नियम आले. मूळ कायदा अगदी आटोपशीर होता. तपशील सगळा नियमांत, आणि पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच डीजीसीएच्या 'नागरी विमान वाहतूक आवश्यकता' या मालिकेत गेला. वैध उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राशिवाय विमान उडवू नये, हा या नियमांचा कणा. स्वातंत्र्य आले, विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, पुन्हा खासगीकरण झाले, पण १९३४ चा कायदा दुरुस्त्यांसह चालत राहिला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने त्याची जागा घेतली. नव्वद वर्षे टिकलेले असे कायदे आपल्याकडे असतील, पण इतक्या झपाट्याने बदललेल्या क्षेत्रात ही गोष्ट विशेषच.

स्वातंत्र्यानंतर भारताने स्वतःचे हलके विमानही बनवले. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या बंगळूरच्या कारखान्याचे 'पुष्पक' २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले. दोन आसने, ९० अश्वशक्तीचे इंजिन, कापडी आवरण. सुमारे दीडशे पुष्पक विमाने बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वैमानिकांच्या एका पिढीने त्यांवर धडे गिरवले. पुढे ती हळूहळू मागे पडली आणि त्यांची जागा प्रामुख्याने परदेशी विमानांनी घेतली.

जुने विमान भारतात उडू शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८२ चे. पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ७८ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी 'लेपर्ड मॉथ' विमानातून पुन्हा कराची ते मुंबई प्रवास केला आणि ते जुहूला उतरले. लेपर्ड मॉथचे उत्पादन १९३० च्या दशकातच संपले होते. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी वैमानिकाचे वय सांगितले. आपल्या विषयाच्या दृष्टीने विमानाचे वयही तितकेच महत्त्वाचे आहे. दोन देशांमधले उड्डाण असल्यामुळे त्याला शिकागो कराराच्या अटी लागू होत्या. आणि त्या अटींत विमानाच्या म्हातारपणासाठी वेगळी सवलत नाही.

जुन्या विमानाची फाइल

आता आपण एक उदाहरण घेऊन फाइल उघडू. आपल्या देशातल्या अनेक प्रशिक्षण संस्थांमध्ये 'सेस्ना १५२' हे दोन आसनी विमान वापरले गेले आहे. त्याचे उत्पादन १९७७ ते १९८५ या काळात झाले. म्हणजे त्यातले सर्वांत तरुण विमानही आज चाळिशीला पोहोचले आहे. ज्या विद्यार्थ्यांना वैमानिक व्हायचे आहे, त्यांचे पहिले विमान त्यांच्यापेक्षा दुप्पट वयाचे असणे मुळीच अशक्य नाही.

अशा विमानाच्या फाइलमध्ये साधारण पुढील कागद असतात.

१. नोंदणी प्रमाणपत्र : विमान कोणाचे आणि कोणत्या क्रमांकाचे. विमानाच्या धडावरच्या धातूच्या पाटीवर असलेला निर्मिती क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळलाच पाहिजे.

२. उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि त्याला जोडून ठरावीक मुदतीने होणाऱ्या आढाव्याचे प्रमाणपत्र. पहिला कागद एकदा मिळतो, दुसरा पुनःपुन्हा मिळवावा लागतो. जुन्या विमानाच्या मालकाची खरी धावपळ या दुसऱ्या कागदासाठी असते.

३. वजनाचे पत्रक. हा कागद किरकोळ वाटतो, म्हणून एक हिशेब करून पाहा. सेस्ना १५२ चे उड्डाणावेळचे कमाल वजन ७५७ किलो. समजा, रिकाम्या विमानाचे वजन ५२० किलो आणि टाकीभर इंधन ६७ किलो. उरले १७० किलो, म्हणजे प्रत्येकी ८५ किलोची दोन माणसे. आता चाळीस वर्षांत जुन्या रंगावर नवा रंग चढला, एक-दोन पत्र्याची ठिगळे लागली, नवी उपकरणे बसली आणि वजन १० किलोंनी वाढले. पत्रक मात्र जुनेच राहिले. त्याच दोन माणसांना घेऊन निघालेले विमान आता मर्यादेच्या बाहेर आहे, आणि वैमानिकाला त्याचा पत्ता नाही.

४. लॉगबुके : सांगाड्याचे, इंजिनाचे आणि पंख्याचे वेगवेगळे. इंजिन एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवता येते, म्हणून त्याचे चरित्र त्याच्याबरोबर गेले पाहिजे. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या पूर्ण दुरुस्तीसाठी तासांबरोबरच वर्षांची मर्यादाही सुचवतात, ती बहुधा बारा वर्षांची असते. वर्षभरात वीस-तीस तास उडणारे जुने विमान तासांच्या मर्यादेपर्यंत कधीच पोहोचत नाही, पण वर्षांच्या मर्यादेत अडकते. उभे राहिलेले इंजिनही गंजते, हे त्यामागचे कारण.

५. उड्डाणयोग्यता आदेशांची यादी. जगात कुठेही एखाद्या प्रकारच्या विमानात धोकादायक दोष सापडला, की ज्या देशात त्याची रचना झाली तो देश सक्तीचा आदेश काढतो. कोणता आदेश लागू, कोणता कधी पुरा केला, कोणता ठरावीक काळाने पुन्हा करायचा, याचा हिशेब या यादीत असतो.

६. मोठ्या दुरुस्त्या आणि बदल यांची मंजुरी. अमेरिकेत अशा नोंदींची एक प्रत ओक्लाहोमा सिटी येथील केंद्रीय दप्तरात जाते. मालकाकडची फाइल हरवली तरी तिथून बराचसा इतिहास पुन्हा मिळवता येतो.

७. रेडिओचा परवाना, विम्याचे कागद वगैरे.

यातले एखादे लॉगबुक हरवले तर? ज्या भागांना ठरावीक आयुष्य असते, त्यांचे किती आयुष्य संपले हे सिद्ध करता येत नाही. नियमाच्या नजरेत ते संपलेलेच धरावे लागते. भाग उत्तम स्थितीत असेलही, पण त्याचा पुरावा गेला. जुनी विमाने खरेदी करणारे जाणकार म्हणूनच आधी लॉगबुके मागतात आणि मग विमान पाहतात.

कागदाने वाचवले : पायपरच्या पंखांचे आधार

अमेरिकेच्या पायपर कंपनीची 'कब' आणि त्यासारखी विमाने तुम्ही चित्रांत पाहिली असतील. पंख वर, आणि पंखापासून धडापर्यंत तिरके पोलादी आधार. हे आधार पोकळ नळ्यांचे असतात. त्यांच्या आत हवेतली ओल जाते, पाणी ठिबकून खालच्या टोकाशी साचते, आणि नळी आतून बाहेर गंजत येते. बाहेरचा रंग चकचकीत राहतो. हा आधार तुटला तर पंख राहत नाही.

याविषयी अमेरिकेच्या केंद्रीय विमान प्रशासनाने १९९३ मध्ये आणि नंतर सुधारून १९९९ मध्ये आदेश काढला. दर २४ महिन्यांनी आधारांची विशिष्ट पद्धतीने तपासणी करा, किंवा आतून बंदिस्त केलेले नवे आधार बसवा आणि या तपासणीतून मोकळे व्हा, असे त्याचे सार. हा आदेश समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात नियम, रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र आले आहे. गरीब मालकाला तपासणीचा मार्ग खुला आहे, खर्च करू शकणाऱ्याला कायमचा उपाय. पण दोघांच्याही लॉगबुकात तशी नोंद हवीच.

कागद कमी पडला : टायगर मॉथ, २०१३

आता उलट बाजू पाहू. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ, एक 'टायगर मॉथ' कसरतीचे उड्डाण करीत असताना त्याचा डावा-उजवा पंख धडाशी जोडणारे आडवे पोलादी दांडे तुटले. वैमानिक आणि प्रवासी दोघेही गेले.

टायगर मॉथ १९३१ चे विमान. हे दांडे महत्त्वाचे आहेत हे जुन्या काळापासून माहीत होते, म्हणून त्यांना ठरावीक आयुष्य दिलेले होते : २,००० तास किंवा १८ वर्षे. या विमानातले दांडे या मर्यादेच्या कितीतरी आधीच तुटले. ते मूळ कंपनीचे नव्हते, पुढे दुसऱ्या उत्पादकाने रीतसर मंजुरी घेऊन बनवलेले होते. तपासात आट्यांच्या जागी धातूच्या थकव्याच्या जुन्या तडा आढळल्या. अशा भागांना मंजुरी देताना पुरेशी अभियांत्रिकी पडताळणी झाली होती का, हा प्रश्न तपास यंत्रणेने गंभीरपणे मांडला.

इथे लॉगबुक भरलेले होते, भागाला मंजुरी होती, आयुष्य शिल्लक होते. कागदावर सगळे ठीक होते. मग चूक कुठे? २,००० तासांचा आकडा एका विशिष्ट रीतीने बनवलेल्या दांड्यासाठी होता. वेगळ्या हातांनी, वेगळ्या तऱ्हेने आटे पाडलेल्या दांड्याला तोच आकडा आपोआप लागू पडत नाही. नाव तेच, जागा तीच, पण वस्तू वेगळी. थकव्याचा अभ्यास करताना तुम्ही आट्यांच्या मुळाशी होणारे ताणाचे केंद्रीकरण शिकता. पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि आटे पाडण्याची पद्धत बदलली की आयुष्य बदलते, हे वहीतले वाक्य इथे दोन माणसांच्या जिवाशी जोडलेले आहे.

म्हणून कागदावरचा आकडा वाचताना तो कशावरून आला, हा प्रश्न अभियंत्याने विचारलाच पाहिजे. सही हा पुरावा नसतो. कोणीतरी पुरावा पाहिला आहे, एवढाच तिचा दावा असतो.

पोरकी विमाने

जुन्या विमानांची आणखी एक अडचण आहे. प्रकार प्रमाणपत्र ज्याच्या नावे आहे ती कंपनी रचनेची पालक असते. सुटे भाग, नकाशे, दोषांची दखल हे सगळे तिच्याकडून अपेक्षित असते. कंपनी बंद पडली तर विमान पोरके होते. विमान धड आहे, मालक खर्च करायला तयार आहे, पण तांत्रिक प्रश्नाला उत्तर द्यायला अधिकृत कोणीच नाही. कधी कधी दुसरी संस्था हे पालकत्व घेते. डी हॅविलँड नावाची मूळ कंपनी कधीच इतर कंपन्यांत विलीन झाली, पण तिच्या मॉथ आणि चिपमंक विमानांच्या रचनेची जबाबदारी ब्रिटनमध्ये आज एक छोटी स्वतंत्र संस्था सांभाळते.

निरनिराळ्या देशांनी यावर निरनिराळे मार्ग काढले. ब्रिटनमध्ये 'परमिट टू फ्लाय' ही पद्धत आहे. तिचे मूळ १९३५ मध्ये जाते. आंरी मीन्ये या फ्रेंच माणसाने घरी बांधता येईल असे 'फ्लाइंग फ्ली' हे चिमुकले विमान काढले आणि लोक वेडे झाले. पूर्ण प्रमाणपत्र देणे शक्य नव्हते, म्हणून ब्रिटिश सरकारने त्यासाठी खास परवानगीची सोय केली. पुढच्याच वर्षी जीवघेणे अपघात झाले, वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचणीत रचनेतला दोष उघड झाला आणि त्या विमानावर बंदी आली. परवानगीची कल्पना मात्र टिकली. आज तिथली अनेक जुनी आणि घरी बांधलेली विमाने हौशी वैमानिकांच्या संघटनेच्या देखरेखीखाली अशा परमिटवर उडतात. पण आपण पाहिलेले कलम ३३ आठवा : परमिट हे आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्रमाणपत्र नाही, त्यामुळे दुसऱ्या देशात जायचे तर त्या देशाची स्वतंत्र संमती लागते.

युरोपीय संघाने ऐतिहासिक विमानांसाठी तारखाच ठरवून दिल्या. ज्याची मूळ रचना १ जानेवारी १९५५ पूर्वीची आहे आणि ज्याचे उत्पादन १ जानेवारी १९७५ पूर्वी थांबले, अशी साधी विमाने सामायिक युरोपीय नियमांतून वगळून त्या त्या देशाच्या नियमांवर सोपवली आहेत. अमेरिकेत काही अटींवर मालकाला आपल्याच विमानासाठी सुटा भाग बनवून घेता येतो, मात्र रचना, साहित्य आणि दर्जा यांत त्याचा खरा सहभाग हवा.

भारतात असा प्रश्न दुसऱ्या टोकाने लोकांसमोर आला. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याला नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाण चाचण्यांची परवानगी २०१९ मध्ये. ते विमान नवे होते, पण अडचण पोरक्या जुन्या विमानासारखीच होती. कारखान्याचे प्रकार प्रमाणपत्र पाठीशी नसलेल्या एकट्या विमानाला चौकटीत कुठे बसवायचे?

तुमच्यासाठी यात काय आहे

या इतिहासात दोन बाजूंची ओढाताण सतत दिसते. नियम सैल ठेवले तर जत्रेतल्या जेनीसारखी स्थिती होते आणि किंमत अनोळखी प्रवासी मोजतो. नियम मोठ्या विमान कंपनीच्या मापाने शिवले तर छोट्या क्लबचे धडधाकट विमान फाइलच्या ओझ्याखाली हँगरमध्ये कुजते, आणि त्याबरोबर स्वस्तात उडायला शिकण्याची संधीही जाते. ज्यांचे वडील विमान कंपनीत नाहीत आणि ज्यांच्याकडे लाखो रुपये नाहीत, अशा मुलामुलींना याचा फटका आधी बसतो. धोका किती आणि कोणाला, हे पाहून नियमाची घडण ठरवणे, हा मधला मार्ग. वर पाहिलेल्या परमिटच्या आणि तारखांच्या पद्धती हे त्याचेच प्रयत्न आहेत.

तुमच्यापैकी बहुतेक जण विमानावर काम करणार नाहीत. पण बॉयलर, लिफ्ट, पूल, क्रेन, रुग्णालयातली यंत्रे या प्रत्येक ठिकाणी हीच तीन पदरी रचना आहे : रचनेची मान्यता, एका यंत्राचे प्रमाणपत्र आणि त्याची चालू नोंदवही. त्या नोंदवहीत एक दिवस तुमची सही येईल. जागेवर न जाता भरलेला एक रकाना पुढच्या माणसाला खोटी माहिती देतो, आणि तो माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून काम करतो. आपल्या प्रयोगशाळेच्या वहीत आकडे आधी भरून नंतर प्रयोग करण्याची सवय किती जणांना आहे, हे मी इथे विचारत नाही. पण ती सवय मोडायची असेल तर महाविद्यालयातच मोडावी.

उजळणीसाठी प्रश्न

१. प्रकार प्रमाणपत्र आणि उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र यांतला फरक एका उदाहरणासह सांगा. विमान जुने होताना या दोहोंतले अंतर का वाढते?

२. पायपरच्या आधारांचे आणि टायगर मॉथच्या दांड्यांचे उदाहरण शेजारी ठेवा. पहिल्यात कागद का पुरेसा ठरला आणि दुसऱ्यात का नाही?

३. वजनाच्या पत्रकाचा वरील हिशेब रिकामे वजन ५३५ किलो धरून पुन्हा करा. अर्धी टाकी इंधन घेतले तर प्रत्येकी ८५ किलोची दोन माणसे जाऊ शकतील का? उड्डाणाच्या पल्ल्यावर त्याचा काय परिणाम होईल?

४. तुमच्या महाविद्यालयातल्या कार्यशाळेतील एक जुने यंत्र निवडा. त्याची देखभाल नोंदवही मागून पाहा. शेवटची नोंद केव्हाची आहे, कोणाची सही आहे, आणि ती वाचून तुम्हाला यंत्राच्या आजच्या स्थितीविषयी नेमके काय कळते, ते एका पानात लिहा.